देवाला ‘तू’, माणसाला ‘तुम्ही’

इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकाला पाचवी-सहावीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. ‘ही’ला ‘इज’ लागतं, ‘शी’ला ‘इज’ लागतं, मग समोर एकटाच पोरगा उभा असताना त्याला ‘यू आर’ का म्हणायचं? ‘आर’ तर अनेकांसाठी असतं. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, “तसा नियम आहे, पाठ करा.” २००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून परभणी जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांतही हा प्रश्न पोचला आहे. प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र तोकडं पडतं. ‘यू’ हे मुळातच अनेकवचन आहे. एकट्या माणसासाठी वापरलं जाऊ लागलं तरी त्यानं आपलं जुनं क्रियापद सोडलं नाही. एकवचनाचा शब्द होता ‘दाउ’ आणि त्याचं क्रियापद होतं ‘आर्ट’. तो शब्द रोजच्या इंग्रजीतून नाहीसा झाला. तो कसा गेला हे पाहायला लागलं की व्याकरणाचं पुस्तक बाजूला राहतं आणि देव, राजा, बाप, तुरुंग असं सगळं समोर येतं.

जुन्या इंग्रजीत हिशोब साधा होता. समोर एक असेल तर ‘दाउ’, अनेक असतील तर ‘यी’ किंवा ‘यू’. पुढे नॉर्मन राजवटीत दरबारावर फ्रेंचांची छाप पडली आणि तेराव्या शतकापासून फ्रेंचांसारखंच मोठ्या माणसाला अनेकवचनात बोलायची रीत इंग्रजीतही शिरली. ‘यू’ झालं ‘तुम्ही’ आणि ‘दाउ’ राहिलं ‘तू’. मग ‘तू’चे अर्थ फुटले. आईनं लेकराला म्हटलेला ‘तू’, मित्राचा ‘तू’, धन्यानं नोकराला फेकलेला ‘तू’ आणि भांडणात मुद्दाम वापरलेला ‘तू’, सगळे एकाच शब्दात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं भर कोर्टात त्याला जाणूनबुजून ‘दाउ’ म्हटलं, आणि आपण तसं म्हणतो आहोत हेही बजावलं. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’ नाटकातही एक पात्र दुसऱ्याला सल्ला देतं, की द्वंद्वाच्या आव्हानपत्रात प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा ‘दाउ’ म्हणून टाक, म्हणजे तो बरोबर चिडेल. थोडक्यात, सतराव्या शतकाच्या तोंडावर लंडनमध्ये ‘अरे-तुरे’ करणं म्हणजे अंगावर जाणंच होतं.

अशा काळात जॉर्ज फॉक्स उभा राहिला. १६२४ साली जन्मलेला हा विणकराचा मुलगा सांगू लागला, की देवानं मला दोन गोष्टी फर्मावल्या आहेत. कोणापुढे टोपी काढायची नाही, आणि श्रीमंत-गरीब, थोर-लहान, बाई-पुरुष असा भेद न करता प्रत्येकाला ‘दाउ’ म्हणायचं. त्याच्या अनुयायांना लोक क्वेकर म्हणू लागले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. प्रार्थनेत तुम्ही परमेश्वराला ‘दाउ’ म्हणता, बायबलात भक्त परमेश्वराला ‘दाउ’ म्हणतात. जो विश्वाचा एकमेव स्वामी आहे त्याला एकवचन पुरतं, मग चार एकरांच्या जमीनदाराला अनेकवचन कशासाठी? एका माणसाला दोन समजून बोलणं हे खोटं बोलणं आहे, आणि खोटं बोलणं हे पाप.

या धर्ममताच्या प्रसारासाठी फॉक्सनं जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली या दोघांच्या साथीनं १६६० साली जे पुस्तक छापलं ते चक्क व्याकरणाचं पुस्तक होतं. ‘बॅटलडोर’ हा त्या काळच्या इंग्रज पोरांचा मुळाक्षरांचा फळा, खाली दांडी असलेला. पुस्तकाच्या नावातच तो फळा आहे, आणि शिकवायचं आहे ते पंडितांना आणि धर्मोपदेशकांना: एकवचन कोणतं, अनेकवचन कोणतं. आतल्या पानांवर त्या दांडीच्या फळ्याचंच चित्र काढून त्यात एकेका भाषेचा धडा बसवला आहे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी, फारसी, इटालियन, फ्रेंच, वेल्श. भाषेमागून भाषा घेऊन दाखवलं आहे की बघा, इथंही ‘तू’ वेगळा आहे आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, मग तुम्हीच ते का मिसळता? धर्माच्या भांडणात व्याकरणाचा असा साक्षीदार क्वचितच कुणी उभा केला असेल.

याची किंमत क्वेकरांनी खरोखर मोजली. न्यायाधीशापुढे टोपी न काढणं, त्याला ‘दाउ’ म्हणणं, शपथ घ्यायला नकार देणं, यांपायी माणसं तुरुंगात गेली. पण सगळ्यांत जिव्हारी लागणारी हकीकत कोर्टातली नाही, घरातली आहे. टॉमस एलवूड हा सुखवस्तू घरातला तरुण क्वेकरांच्या नादी लागला. पुढे तो आंधळ्या कवी मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवत असे. त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की बापासमोर टोपी घालून बसतो म्हणून बापानं एकेक करून त्याच्या टोप्या काढून घेतल्या. टोपीचा प्रश्न मिटला, जिभेचा मिटला नाही. बापाला ‘यू’ म्हणायला त्याचं मन धजेना, आणि ‘दाउ’ ऐकलं की बाप मुठी आवळून अंगावर येई. मुलगा बापाचा अपमान करत नव्हता. देवाला जे म्हणतो तेच बापाला म्हणत होता, आणि बापाला मात्र त्यात नोकराला घातलेली हाक ऐकू येत होती. दोघंही आपापल्या परीनं व्याकरण बरोबर वापरत होते.

शेवटी झालं ते क्वेकरांच्या मनाविरुद्ध. समाजातल्या उतरंडीची धास्ती इंग्रजांनी वेगळ्या तऱ्हेनं घालवली. कोणाला ‘दाउ’ म्हटलं तर त्याला राग येईल की काय, ही भीती इतकी पसरली की सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणू लागले. हमालही ‘यू’, उमरावही ‘यू’, कुत्राही ‘यू’. क्वेकरांना सगळ्यांना एका ‘तू’वर आणायचं होतं, भाषेनं सगळ्यांना एका ‘तुम्ही’वर नेलं. समता आली, पण घरगुती ‘तू’ गेला. क्वेकरांनी आपसात तो बराच काळ जपला, तोही हळूहळू मोडक्या रूपात. कर्त्याच्या जागी कर्माचं रूप, त्याला तृतीय पुरुषाचं क्रियापद, असं काहीतरी ते बोलत आणि व्याकरणकार कपाळाला हात लावत.

त्या व्याकरणकारांतला सगळ्यांत मोठा माणूस क्वेकरच होता, ही गंमत नाही, मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. लिंडली मरे हा पेन्सिल्व्हानियात जन्मलेला वकील इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी त्यानं १७९५ साली इंग्रजी व्याकरण लिहिलं. त्या पुस्तकानं पुढची कित्येक दशकं इंग्रजी शिकणाऱ्या जगावर राज्य केलं. त्यात क्रियापदाची रूपं चालवताना दुसऱ्या पुरुषाच्या एकवचनात ‘दाउ’च छापलेला असे. बाहेर रस्त्यावर तो कोणी बोलत नव्हतं, पण पोरं तो घोकत होती.

मराठीतही व्याकरण आणि धर्मचिंतन असं एकाच माणसात सापडतं. दादोबा पांडुरंग तर्खडकर, जन्म १८१४. इंग्रजी व्याकरणाची मांडणी डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं आणि त्यांना मराठीचे पाणिनी ही पदवी कायमची चिकटली. हेच दादोबा १८४४ साली सुरतेला मानवधर्म सभेत होते, १८४९ साली मुंबईत जातिभेद झुगारणाऱ्या परमहंस सभेच्या मुळाशी होते, आणि उतारवयात त्यांनी स्वीडनबोर्ग या स्वीडिश गूढवाद्याच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. देव एक आणि मनुष्यजात एक, असं मानणाऱ्या या माणसाला मराठीचं वचनप्रकरण लिहिताना एका गोष्टीला सामोरं जावं लागलंच असणार: या भाषेत माणूस एकच असला तरी तो ‘आले’, ‘बसले’, ‘जेवले’ असू शकतो. शाळेत त्याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. कोणाला ते द्यायचं आणि कोणाला नाही, हा नियम मात्र व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. तो गावात शिकावा लागतो.

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. परंपरेनं हे जनाबाईचं गाव. शूद्र मानल्या गेलेल्या घरात ती जन्मली आणि लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. नामदेव हा त्याच घरातला मुलगा. नामदेवांचं नरसी गावही १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानतात, जनाबाईचाही तोच. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यांत ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेते. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं, पाणी भरणं हे तिचं रोजचं काम. त्या घरातल्या लहान-थोर सगळ्यांशी तिला अदबीनंच बोलावं लागत असणार. एका विठ्ठलाशी मात्र ती सरळ ‘अरे’ करते.

नुसतं ‘अरे’ करत नाही. तो तिच्या जात्याला हात लावतो, शेण्या गोळा करतो, तिचे केस विंचरून देतो, आणि वेळेवर आला नाही तर ती त्याला शिव्या घालते. एका अभंगात तर ती त्याच्या बायकोच्या कुंकवापर्यंत जाते. हे वाचून अंगावर काटा येतो तो शिवीमुळे नाही. ज्या बाईला जगात कोणालाच एकवचनात हाक मारण्याचा अधिकार नव्हता, तिनं तो अधिकार थेट देवावर चालवला आणि वारकरी परंपरेनं तो गाथेत जपून ठेवला, यामुळे येतो. क्वेकरांनी देवापासून सुरुवात करून माणसाचं अनेकवचन काढून घेतलं. जनीनं माणसांच्या वाटेला न जाता देवालाच आपल्या जात्याजवळ बसवलं.

मराठीचं नेहमीचं बोलणं नीट ऐकलं तर या ‘तू’ची मुळं किती खोल आहेत ते कळतं. “नगरसेवक आले”, “तहसीलदार गेले”, “गुरुजी म्हणाले”. पण “राम वनवासाला गेला”, “कृष्णानं बासरी वाजवली”, “पांडुरंग विटेवर उभा आहे”. देवाच्या नावाला सहसा कोणी आदरार्थी बहुवचन लावत नाही, आणि लावलं नाही म्हणून कोणाच्या भावना दुखावत नाहीत. शिवरायांचा एकेरी उल्लेख झाला तर मात्र लगेच आक्षेप येतो, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण शिवराय माणूस होते, राजे होते, त्यांच्या आदराची राखण माणसांनाच करावी लागते. देवाच्या आदराची राखण करायची गरज भाषेला वाटलेली नाही.

घरात पाहा. “आई आली”, पण “सासूबाई आल्या”. जुन्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या घरांत मायेला ‘तू’ आणि बापाला ‘तुम्ही’ हीच रीत. बाप गावाहून आला की “कवा आलाव?” आणि माय आली की “कवा आलीस?” मायेवर प्रेम जास्त आणि बापाबद्दल आदर जास्त अशी ही वाटणी नाही. मायेच्या बाबतीत आदर दाखवायची पाळीच येत नाही, इतकंच. विठ्ठलाला माउली म्हटल्यावर त्याला ‘तुम्ही’ म्हणता येणारच नव्हतं. पुरुषाची मूर्ती, कमरेवर हात, आणि हाक मात्र विठाबाई. लिंग बदललं, वचन एकेरीवर आलं, आणि त्या दोन बदलांनी वारकऱ्यांचं सगळं धर्मशास्त्र सांगून टाकलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण ख्रिस्ताची आळवणी करायला अभंगच हाताशी घेतला. अभंगाबरोबर त्याचं एकवचन आलं आणि माउलीही आली.

ही रीत सरसकट मात्र नाही, आणि जिथं ती मोडते तिथं जास्त विचार करायला लावते. गंगाखेडपासून फार लांब नाही, त्याच जिल्ह्यात पाथरी आहे. शिर्डीचे साईबाबा मूळचे पाथरीचे अशी तिथली श्रद्धा आहे आणि तिथं त्यांचं मंदिरही आहे. तिथं “साईबाबा शिर्डीला गेले” असंच म्हणतात, “गेला” कोणी म्हणत नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत परळीच्या दिशेनं पंढरपूरला निघते, तेव्हा “महाराज आले” असंच लोक म्हणतात. तेच लोक, त्याच दमात, “विठोबा वाट पाहतोय” म्हणतात. भक्त दोघांनाही देवच मानतो. मग एकाला बहुवचन आणि दुसऱ्याला एकवचन का? ज्याला आपल्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलं, जो बसला, उठला, चिडला, चिलीम ओढत होता, त्याच्याशी माणसांच्या शिष्टाचारानंच बोलावं लागतं. ज्याला कोणीच पाहिलं नाही त्याच्याशी शिष्टाचाराचा संबंध उरत नाही. लीळाचरित्रातही चक्रधरस्वामी हे भक्तांच्या दृष्टीनं साक्षात परमेश्वर, पण सोबत राहणाऱ्या, जेवणाऱ्या, वाटचाल करणाऱ्या त्या ‘गोसावीं’साठी म्हाइंभटांचं गद्य आदराचं बहुवचनच वापरतं. गणपतीचं प्रकरण आणखी निराळं. तो दहा दिवस पाहुणा म्हणून घरात येतो, म्हणून की काय, विसर्जनाच्या आरोळीत त्याला पुढच्या वर्षी लवकर ‘या’ म्हणतात, ‘ये’ नव्हे.

परभणी शहरात दर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान दोघंही जातात. निजामाच्या राज्यात इथल्या शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती आणि ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ या तीन पायऱ्यांची अदब इथल्या जुन्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. उर्दूत साध्या ओळखीच्या माणसालाही ‘आप’ म्हणतील, पण दुआ मागताना अल्लाहला ‘तू’. यामागचं कारण अनेकदा असं सांगितलं जातं, की जो एक आणि अद्वितीय आहे त्याच्यासाठी अनेकवचन वापरणं हेच चूक. कुराणात मात्र अल्लाह स्वतःविषयी बोलताना अनेक ठिकाणी ‘आम्ही’ म्हणतो. म्हणजे बहुवचन त्याच्याकडून येऊ शकतं, त्याच्याकडे जाऊ शकत नाही. उपनिषदांकडे वळलं तरी हेच दिसतं. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला ‘तत् त्वम् असि’ हे जे महावाक्य सांगतो त्यातलं ‘त्वम्’ एकवचनी आहे. ब्रह्माशी ऐक्य सांगायचं ते एकट्या माणसाला, त्याच्या आदराच्या पोशाखाला नाही.

इथपर्यंत मराठी ‘तू’ची बाजू फार सुंदर दिसते. पण त्याच ‘तू’ची दुसरी बाजू झाकून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या गावगाड्यात जनीचे अभंग गायले गेले, त्याच गावगाड्यात महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या साठीच्या माणसाला वाड्यावरचं दहा वर्षांचं पोर “ए, इकडं ये” म्हणत असे, आणि त्या म्हाताऱ्यानं पोराला “जी मालक” म्हणायचं. त्यानं आधी ‘जोहार’ घालायचा. ‘जोहार’ जाऊन ‘जय भीम’ आलं, तेव्हा नुसता अभिवादनाचा शब्द बदलला नाही. जय भीम दोन्ही बाजूंनी सारखाच म्हणता येतो, त्यात वरचा-खालचा नाही. आणि याच समाजानं बाबासाहेबांवर रचलेल्या असंख्य गीतांत त्यांना प्रेमानं ‘तू’ म्हटलं जातं. सभेत ‘बाबासाहेब म्हणाले’, गाण्यात ‘भीमा, तू’. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तू’ हा मार म्हणून मिळाला, त्यांनीच तो उचलून आपल्या सर्वांत मोठ्या माणसाला दिला.

वरून खाली ‘तू’ म्हणायची पद्धत आजही संपलेली नाही. घरकाम करणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, सालगड्याला, वयानं मोठ्या असलेल्या शिपायाला ‘तू’ म्हणणारी सुशिक्षित माणसं सगळीकडे आहेत. नवरा बायकोला ‘अगं’ आणि बायको नवऱ्याला ‘अहो’, हेही अजून खूप घरांत आहे. त्यात प्रेम नसतं असं नाही, पण ‘तू’ जेव्हा एकाच दिशेनं वाहतो आणि परत येत नाही, तेव्हा तो जवळिकीचा राहत नाही. जनीचा ‘तू’ खालून वर जातो. सालगड्याला मिळणारा ‘तू’ वरून खाली येतो. रूप एकच, क्रियापद एकच, आणि तरी एक भक्ती आहे आणि दुसरा अन्याय आहे. देवाला एकेरीत बोलावणाऱ्या समाजानं माणसाला एकेरीत बोलावण्याचा हक्क स्वतःकडे ठेवू नये, असं म्हणायला कुठल्या शास्त्राचा आधार शोधायची गरज नाही.

आषाढातल्या वाटेवर याचं उत्तर चालतं-बोलतं दिसतं. गर्दीत पुढे जायचं असेल तर वारकरी म्हणतो, “माउली, जरा सरका.” ज्याला म्हटलं तो कोण, कोणत्या जातीचा, किती वयाचा, हे विचारलं जात नाही. पंचविशीतला पोलीसही माउली, पाणी वाटणारी बाईही माउली, आणि ज्याच्या पायावर डोकं ठेवलं तोही उलटून पायावर डोकं ठेवतो. शब्द स्त्रीलिंगी, तोही आईचा, ज्या आईला मराठी माणूस घरात ‘तू’ म्हणतो, पण क्रियापद ‘सरका’, म्हणजे आदराचं. इंग्रजीला ‘दाउ’ची जवळीक आणि ‘यू’चा मान यांतून एकच निवडावं लागलं. वारीच्या वाटेवर दोन्ही एका वाक्यात राहतात. हे कोणी ठरवून केलं नाही, आणि म्हणूनच बॅटलडोरच्या फळ्यापेक्षा ते जास्त टिकलं.

इंग्रजीला आपला हरवलेला ‘तू’ विसाव्या शतकात पुन्हा अडचणीत घेऊन आला. १६११ च्या किंग जेम्स बायबलात ‘दाउ’ सर्रास होता, पण तो देवासाठी राखीव नव्हता. हिब्रू आणि ग्रीकमध्ये जिथं एकवचन होतं तिथं सगळीकडे, देवालाही, सैतानालाही, नोकरालाही ‘दाउ’च. रस्त्यावरून तो शब्द गेला आणि फक्त चर्चमध्ये उरला, तेव्हा लोकांना तो उलट फार भारदस्त, फार आदराचा वाटू लागला. नोकराला म्हणायचा शब्द देवाला म्हणायचा खास शब्द झाला. मग अमेरिकेत सुधारित भाषांतर करणाऱ्या विद्वानांनी १९४६ साली नवा करार काढला, त्यात माणसांसाठी ‘यू’ आणि देवाला उद्देशून ‘दाउ’ असं धोरण ठेवलं. आता येशूला काय म्हणायचं? पृथ्वीवर वावरणाऱ्या येशूशी शिष्य बोलतात तिथं त्यांनी ‘यू’ ठेवलं. त्यावर टीका झाली, की तुम्ही सर्वनामातून येशूचं देवपण काढून घेतलं. साईबाबा ‘गेले’ आणि विठोबा ‘गेला’ यांत मराठी माणूस नकळत जो फरक करतो, त्याच फरकावर तिकडे विद्वान भांडले. ब्रिटनमधल्या न्यू इंग्लिश बायबलनंही, नवा करार १९६१ आणि पूर्ण ग्रंथ १९७०, देवाला उद्देशून ‘दाउ’ टिकवला. १९८९ साली निघालेल्या पुढच्या आवृत्त्यांनी तो सोडून दिला. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र प्रभूच्या प्रार्थनेत स्वर्गातल्या पित्याला पहिल्यापासून ‘तू’ म्हणतो आणि त्यावर वाद घालायची वेळ त्याच्यावर आली नाही.

मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञानं १९२३ साली जर्मनमध्ये एक लहान पुस्तक लिहिलं, ज्याचं नाव मराठीत सहज सांगता येतं: ‘मी आणि तू’. माणूस जगाकडे वस्तू म्हणून पाहतो तेव्हा ‘मी आणि ते’, आणि समोरच्याला पूर्णपणे सामोरा जातो तेव्हा ‘मी आणि तू’, आणि त्या प्रत्येक ‘तू’मधून शेवटी देवालाच हाक जाते, असा त्याचा विचार. १९३७ च्या इंग्रजी भाषांतरात शीर्षकातला जर्मन ‘तू’ ‘दाउ’ झाला आणि एकदम मंत्रासारखा वाटू लागला. १९७० साली वॉल्टर कॉफमननं नवं भाषांतर केलं, तेव्हा प्रसिद्ध झालेलं शीर्षक तसंच ठेवलं, पण आत ‘यू’ वापरलं, कारण जर्मनमधला तो शब्द प्रेमिकांचा, मित्रांचा आहे, देव्हाऱ्यातला नाही. बूबरचा ‘तू’ जर्मन वाचकाला लगेच पोचत होता, मराठी वाचकालाही पोचेल. इंग्रजी वाचकाला मात्र दोन चुकीच्या शब्दांतून एक निवडावा लागतो.

जनाबाई इंग्रजीत नेताना हीच अडचण येते. निकोल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्यानं १९१९ साली मराठी संतांच्या एकशे आठ पदांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. तो काळ आणि तो माणूस पाहता ‘दाउ’ येणं स्वाभाविक होतं, आणि तो आला. त्यामुळे ही पदं चर्चच्या स्तोत्रांसारखी गंभीर झाली. त्यात भक्ती नक्कीच पोचते, पण जात्याच्या घरघरीत देवाला रागावणारी मोलकरीण पोचत नाही. अरुण कोलटकरांनी जनाबाई इंग्रजीत आणली ती अगदी वेगळी. तिथं शब्द चालू रस्त्यावरचे आहेत, आणि ‘गॉड’ लहान लिपीत छापलेला आहे.

हे लहान अक्षर नजरेतून सुटू नये. इंग्रजीच्या वर्गातला आणखी एक नेहमीचा प्रश्न आहे: देवाला ‘ही’ लिहिताना ‘एच’ मोठा काढायचा का? किंग जेम्स बायबल तो लहानच छापतं. मोठं अक्षर ही नंतरच्या भाविकांची आणि छापखान्यांची रीत. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, तेव्हा जनाबाईला हा प्रश्न पडलाच नसता. पण इंग्रजीत आणखी एक सर्वनाम नेहमी मोठ्या अक्षरात असतं, आणि ते देवाचं नाही, ‘आय’ म्हणजे मी. इंग्रजीत शिपाई, राजा, चोर, साधू कोणीही ‘मी’ लिहिताना मोठाच लिहितो. कोलटकरांनी जनीच्या अभंगात ‘गॉड’ लहान केला तेव्हा ‘आय’ही लहान केला. परभणीच्या एखाद्या शाळेत मुलानं वहीत असं लिहिलं तर शिक्षक दोन्हीकडे लाल शाईचा गोल करतील, आणि शालेय व्याकरणाप्रमाणे ते बरोबरच असेल. जनीच्या अभंगात मात्र दळणारी आणि तिला दळू लागणारा जात्याच्या दोन बाजूंना एकाच उंचीवर बसलेले आहेत, आणि इंग्रजीत ती उंची सारखी ठेवायला कोलटकरांना दोघांचीही अक्षरं लहान करावी लागली.